भिंतीतला ट्रम्पेटवाला

धनाजीराव शितोळे मला आवडत नसत आणि मी त्यांना आवडत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते गेल्यापासून आमच्या ऑर्केस्ट्रातली जुनी मंडळी जमली की त्यांच्याबद्दल सगळे गोडच बोलतात. देवमाणूस म्हणतात. देवमाणूस कसला? हट्टी, फटकळ आणि जगातली अक्कल आपल्याच घरी पाणी भरते असं समजणारा माणूस होता तो. मी त्यांच्याबरोबर सात वर्षं एका बसमधून गुजरात आणि खानदेश पालथा घातला आहे, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे 'ताल-तुषार, बडोदे'. मालक विश्वासराव. तालमीची जागा दांडिया बाजारात एका छापखान्याच्या माडीवर. लग्नं, गणपती, कारखान्यांचे वार्षिक कार्यक्रम आणि नवरात्र, यावर आमचं वर्ष निघायचं. मी, हेरंब सबनीस, कीबोर्डवर आणि धनाजीराव ट्रम्पेटवर. मी नव्वद साली आलो तेव्हा त्यांना तिथे पंधरा वर्षं झाली होती. त्यांचे आजोबा संस्थानच्या लष्करी बँडात होते, वडीलही होते. संस्थान गेलं, बँड गेला, पण शितोळ्यांची ऐट काही गेली नाही. माझे आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात. आमच्याकडे लग्नकार्यात बँडवाल्यांची पंगत मागच्या दाराशी बसायची, असं मी पहिल्याच दौऱ्यात गमतीने बोलून गेलो. ते त्यांनी शेवटपर्यंत लक्षात ठेवलं.

ट्रम्पेटवाल्याचं सगळं भांडवल ओठांत आणि पुढच्या दातांत. ते भांडवल धनाजीराव असं जपत, की बघणाऱ्याला वीट यावा. सकाळ-संध्याकाळ ओठांना साजूक तूप. चहा कोमट झाल्याशिवाय प्यायचा नाही. मिरची नाही, पान नाही, ऊस तर नाहीच. पेरू खायचा तर सुरीने पातळ फोडी करून दाढेखाली. बसमध्ये आम्ही सगळे भाजलेली कणसं सरळ तोंडाला लावून खात असू, आणि हे खिडकीशी बसून एकेक दाणा बोटाने सोलत. एक कणीस त्यांना भरूचपासून अंकलेश्वरपर्यंत पुरायचं. दुर्गावहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, प्रत्येक दौऱ्याला तुपाची छोटी डबी भरून द्यायच्या. ती डबी त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची.

आणि दुसरा रोग फुटबॉल. तरुणपणी ते बॅक म्हणून खेळत. एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी सांगितलं की ट्रम्पेट हवं असेल तर चेंडूपासून तोंड लांब ठेव. त्यांनी खेळणं सोडलं, बोलणं सोडलं नाही. धाब्यावर बस थांबली की हे टेबलावरचे चहाचे ग्लास गोळा करणार. चार ग्लास मागे, तीन मधे, मिठाची बाटली म्हणजे चेंडू. मग व्याख्यान. माणसामागे धावायचं नाही, जागा धरायची. आधी आपला गोल राखायचा, समोरच्याला येऊ द्यायचं, तो दमला की मारायचं. मी म्हणायचो, हे भित्र्यांचं शास्त्र आहे. फुटबॉल बघायला लोक येतात ते गोल बघायला, तुमची राखण बघायला नाही. ते म्हणायचे, तू कीबोर्डवरही असाच आहेस, बोटं सगळीकडे पळतात आणि सूर कुठेच थांबत नाही. यावर मी गप्प बसणाऱ्यातला नव्हतो.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला घरोघर केबल आली आणि आगीत तेल पडलं. तोवर चार वर्षांनी एकदा विश्वचषक दिसायचा. आता शनिवार-रविवारी परदेशातल्या क्लबांचे सामने दिसायला लागले. ते तरसालीला, मी सुभानपुऱ्यात. शहराच्या दोन टोकांना बसून आम्ही एकच सामना बघायचो आणि सोमवारी बसमध्ये चढलो की त्याचं पोस्टमॉर्टेम. धुळ्याच्या वाटेवर एकदा साडेपाच तास भांडलो, एका ऑफसाइडवरून. आमची गायिका संयोगिता मधे येऊन बसली, तर आम्ही तिच्या डोक्यावरून भांडलो. त्या रात्रीच्या कार्यक्रमात माझा सोलो होता, सोळा मात्रांचा. आठव्या मात्रेला धनाजीरावांनी ट्रम्पेट उचललं आणि माझ्या अंगावर वाजवलं. लोकांना वाटलं ठरवून केलंय, टाळ्या पडल्या. मागे येऊन मला म्हणाले, "जागा रिकामी सोडलीस ने, म्हणून धरली."

त्यांचं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे फ्री किकची भिंत. गोलाजवळ फ्री किक मिळाली की बचाव करणारे तीन-चार जण चेंडूसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, ती भिंत. धनाजीरावांचं म्हणणं, भिंत कधी मारणाऱ्यामुळे फुटत नाही, आतल्या माणसामुळे फुटते. चेंडू येताना दिसला की कोणीतरी तोंड फिरवतो, खांदा वाकडा होतो, फट पडते आणि चेंडू तेवढ्यातून जातो. टीव्हीवर असा गोल झाला की ते दुसऱ्या दिवशी मला तो माणूस कितव्या नंबरचा होता ते सांगणार. शिपायाच्या जातीचा माणूस भिंतीत तोंड फिरवत नाही, हे त्यांचं वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता हे सगळं ज्यावरून पेटलं ते सांगतो. पितृपक्षात कोणी गाणंबजावणं ठेवत नाही. ऑर्केस्ट्राला वर्षातली खरी सुट्टी तेवढीच. त्या पंधरवड्यात आमची नवरात्राची तालीम चालायची आणि सर्वपित्री अमावस्येला सकाळी सात वाजता पोलो ग्राउंडवर आमची एक मॅच व्हायची, स्टेजवरची पुढची लाइन विरुद्ध मागची लाइन. पुढची लाइन म्हणजे गायक, गिटार, कीबोर्ड, निवेदक. मागची लाइन म्हणजे ढोलक, ड्रम, काँगो, बासरी, लाइटवाला. सात-सात जण. संयोगिता शिटी घेऊन पंच. धनाजीराव मागच्या लाइनीचे, पण ते रेषेबाहेर उभे राहून हुकूम सोडायचे. आम्ही तरुण, वेगवान, आणि ते पोट सुटलेले ढोलकवाले. तरी सहा वर्षांत पाच वेळा हरलो आणि एकदा बरोबरी. का, तर बाहेरून हा माणूस एकेकाला नाव घेऊन जागेवर उभा करायचा. मी दरवर्षी म्हणायचो, बाहेर उभं राहून शहाणपण कोणीही शिकवेल, हिंमत असेल तर आत या. ते खिशातली डबी काढून ओठांना तूप लावायचे.

सत्त्याण्णव साल उजाडलं तोवर हवा बदलली होती. माझ्याकडे मुंबईहून नवा जपानी कीबोर्ड आला होता. पूर्वी असली वस्तू चोरूनमारून यायची, आता सरळ दुकानात मिळत होती. त्यात ट्रम्पेटचा आवाज होता आणि चांगला होता. विश्वासरावांनी गणपतीत तो दोनदा वाजवून बघितला, धनाजीराव समोर बसलेले असताना. मग त्यांनी दोघांनाही सांगितलं की दिवाळीनंतर बस काढून छोटी गाडी घ्यायची आहे, माणसं कमी करायची आहेत, आणि अलकापुरीतल्या सोसायटीच्या नवरात्रात बघू की ट्रम्पेटवाचून अडतं का. म्हणजे धनाजीरावांच्या हातात नऊ रात्री होत्या. ट्रम्पेट सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. पन्नाशी उलटली होती आणि शहरात जिवंत ट्रम्पेट ठेवणारा ऑर्केस्ट्रा आमच्याखेरीज उरला नव्हता. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. त्या पितृपक्षात ते तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन बसत, आणि खरं सांगतो, असं वाजवत की मला माझ्या कीबोर्डची शरम वाटायची. त्याचाही मला रागच आला.

अमावस्येच्या सकाळी मागच्या लाइनीत एक माणूस कमी पडला. ढोलकवाला श्रीकृष्ण वडिलांच्या तर्पणाला चांदोदला गेला होता. ते सहा, आम्ही सात. तरी शेवटची पाच मिनिटं उरली तोवर गोल नव्हता. मग त्यांच्या काँगोवाल्याने माझा पाय ओढला आणि संयोगिताने शिटी मारली. गोलापासून वीस पावलांवर फ्री किक. मी चेंडू ठेवला. समोर त्यांची भिंत लागायला लागली, तर दोनच माणसं. बाकीचे आमच्या माणसांना धरून होते. धनाजीराव रेषेबाहेरून ओरडत होते, तिसरा हवा, तिसरा हवा.

मी चेंडूवर पाय ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "धनाजीराव, सात वर्षं दुसऱ्यांना उभं केलंत भिंतीत. आज एक जागा रिकामी आहे. की वाऱ्याने तूप वाळेल?"

दोघं-तिघं हसले. संयोगिता म्हणाली, हेरंब, पुरे. उद्या घट बसणार आहेत, त्यांना कशाला? पण धनाजीरावांनी घड्याळ काढून तिच्या हातात दिलं होतं. पँटचे पाय मोज्यांत खोचले आणि ते सावकाश चालत भिंतीत येऊन उभे राहिले, तिघांतले डावीकडचे. खिशातली डबी काढून त्यांनी गवतावर ठेवली. हात पोटाखाली जोडले. मान सरळ. शहाणा माणूस अशा वेळी काय करेल? हात तोंडापुढे धरेल, निदान मान खाली घालेल. त्यांनी दोन्ही केलं नाही. माझ्याकडे बघत राहिले.

मी मारला. चेंडू सरळ त्यांच्या तोंडावर बसला.

आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे, त्याचं वर्णन करत नाही. चेंडू उडून बाजूला गेला आणि मागच्या लाइनीच्या कोणीतरी तो सवयीने लांब फेकला. धनाजीराव गुडघ्यावर बसले होते. पांढऱ्या शर्टावर रक्त उतरत होतं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर बोट घालून पुढचे दात चाचपले. वरचा एक पडला होता, एक अर्धा तुटला होता, ओठ आतून फाटला होता. मी धावत गेलो आणि म्हणालो, पाय घसरला, गवत ओलं होतं. गवत ओलं होतंच, पहाटेचं दंव होतं. सगळ्यांनी मान डोलावली. श्रीकृष्ण नव्हता म्हणून असं झालं, असंही कोणीतरी म्हणालं. संयोगिता त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेली आणि जाता जाता मला म्हणाली, तू जिवाला लावून घेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी अलकापुरीत गरबा सुरू झाला. दोन फेऱ्यांच्या मधे जो तुकडा ट्रम्पेट वाजवायचं, तो मी कीबोर्डवर वाजवला. बायका-पुरुष गोल फिरत राहिले, कोणाचं पाऊल चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी स्टेजवर येऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आ वखते ट्रम्पेट बहु सरस छे, भाई." या वेळी ट्रम्पेट फारच छान म्हणे, आणि ट्रम्पेटची खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोर रिकामी होती. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? नऊच्या नऊ रात्री आनंद झाला आणि रोज झोपताना आनंद कशाचा होतोय हे आठवलं की मी उठून बसायचो.

कोजागिरीनंतर धनाजीराव दोन खोटे दात बसवून माडीवर आले. विश्वासरावांनी तोच तुकडा वाजवायला सांगितला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा खालचे सूर लागले, वरचा सूर फुटला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून वाजवला आणि दातांमागून शीळ फुटावी तशी हवा गळत राहिली. विश्वासराव खिडकीबाहेर बघत होते. धनाजीरावांनी ट्रम्पेट फडक्याने पुसलं, पेटीत ठेवलं, आणि जिना उतरून गेले. जाताना त्यांनी कोणावर राग काढला नाही. मला वाटलं होतं आता माझ्या नावाने शिव्या घालतील, चार लोकांत माझी लाज काढतील. त्याने मला बरं वाटलं असतं.

हेच मला खात राहिलं. आणखी पंधरा दिवस गेले, मॅचला महिना होत आला, कोणाकडून एक शब्द आला नाही. संयोगिता म्हणाली, अरे, ते विचारतात तुझं कसं चाललंय. मला ते पटेना. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तरसालीला त्यांच्या घरी गेलो. मनात हिशेब असा, की आपण वाकून माफी मागायची, त्यांनी तोंड सोडायचं, आणि फिटंफाट.

दुर्गावहिनींनी दार उघडलं आणि हसून आत घेतलं. चकली, अनारसे, मठिया असं ताट माझ्यासमोर ठेवलं. धनाजीराव चकली चहात भिजवून खात होते. गप्पा नवीन गाडीच्या, विश्वासरावांच्या तब्येतीच्या. वहिनी म्हणाल्या, तुम्ही मनाला लावून घेतलंत असं संयोगिता सांगत होती, पण खेळात होतं असं, तुमचा काय दोष. मी ताट बाजूला केलं आणि पाठ करून आणलेलं बोललो. दंव होतं, पाय घसरला, माफ करा.

धनाजीरावांनी बशी खाली ठेवली.

"चेंडू कुठे जाणार ते मारणाऱ्या पायावरून नाही कळत. दुसरा पाय कुठे टेकला ते बघायचं," ते म्हणाले. खोट्या दातांमुळे बोलणं जरा बोबडं येत होतं. "तुझ्या टेकलेल्या पायाचा अंगठा माझ्या तोंडाकडे होता. आणि तो पाय घसरला नव्हता. जमिनीत रुतल्यासारखा होता."

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांनी हे आज पहिल्यांदा ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. महिनाभर या माणसाने घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

"खरं का हो?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणालो. तोपर्यंत मी ते स्वतःशीही म्हणालो नव्हतो. त्यांनी माझ्यापुढचं ताट उचललं, त्यात अनारसा अर्धा होता, आणि त्या आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

"दिसलं होतं तर तोंड का नाही फिरवलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, माफी मागायला आलेल्या माणसाचा चढू नये तेवढा. "हात तरी घ्यायचा होतात वर. तुमचं सगळं त्यातच होतं ना?"

"भिंतीत होतो," ते म्हणाले.

मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा ते दारापर्यंत आले. मला वाटलं, आता तरी शिवी येईल. त्यांनी दाराच्या चौकटीवर बोटाने गोल काढून दाखवला, खांब, आडवा दांडा. वर्गात मास्तर फळ्यावर काढतो तसा शांतपणे.

"मी येईपर्यंत आम्ही सहाच होतो. भिंत मी डावीकडे जास्त सरकवली, चुकलं माझं. आमचा गोली भिंतीमागे होता, त्याला काही दिसत नव्हतं. उजवा कोपरा सताड उघडा होता. नुसता पाय लावला असतास तरी गोल होता, हेरंब. सात वर्षांत पहिल्यांदा जिंकला असतास तू." त्यांनी चौकटीचा उजवा कोपरा बोटाने ठोकला. "आणि तू चेंडू मला मारलास. तुला खेळ कळलाच नाही कधी."

त्यांनी दार लावून घेतलं. मी स्कूटरपाशी बराच वेळ उभा होतो, किल्ली हातात धरून. 'ताल-तुषार' पुढे चार वर्षं चालला. त्या चार वर्षांत अमावस्येची मॅच पुन्हा झाली नाही, आणि धनाजीरावांचे सगळे तुकडे मी वाजवले.

चेंडू मारण्याआधी तो कोपरा मला दिसला होता. हे त्यांना सांगायचं राहिलं.